दीड सूत



चवथीला तीन आठवडे राहिले होते. म्हापशाच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी सहा नव्या कोऱ्या तारा वेटोळी घालून पडल्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या, चकचकीत, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून बसवलेल्या. त्यांच्या शेजारी जुन्या सहा. मी जुन्या तारेची पिन उचलून नव्या तारेच्या डोळ्यात घातली. ती आत गेली आणि खुळखुळली. मग नव्या तारेचा आट्यांचा दांडा जुन्या टर्नबकलमध्ये घालायला गेले, तर तो तोंडाशीच अडला. एकीकडे सैल, दुसरीकडे घट्ट. आणि ही मापं घेतली होती कोणी? तर शाळेत मुलांना पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या मी!

आता होडीविषयी सांगते. बाबांची पंचवीस फुटी शिडाची होडी आहे, अमेरिकेत बांधलेली. 1998 साली त्यांनी ती मुंबईतल्या एका हौशी माणसाकडून घेतली. तेव्हापासून ती शापोरा नदीत, शिवोलीच्या पुलाखालच्या बाजूला नांगरलेली असते. पावसाळ्यात डोलकाठी उतरवून ती काठावर घेतात. पण गेली दोन वर्षं ती पाण्यात गेलीच नव्हती. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. माझी लेक पुण्याला शिकते. तिने फोनवर बजावलं होतं, "आई, चवथीला येते तेव्हा आजोबांबरोबर होडीत जायचंच." बाबा त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच जुने दोर काढून धुवायला बसले.

होडी दोन वर्षं काठावर होती ती या तारांमुळे. शिडाच्या होडीची डोलकाठी नुसती उभी राहत नाही. विजेच्या खांबाला कोपऱ्यावर ताण दिलेला असतो ना, तसे तिला सगळ्या बाजूंनी ताण असतात. नाळेकडून एक, मागून एक, आणि दोन्ही कुशींकडून दोन-दोन. या तारांना मिळून स्टँडिंग रिगिंग म्हणतात. वारा शिडावर जो जोर लावतो, तो या तारांतून होडीच्या अंगात उतरतो. एक पिन सुटली तरी अख्खी डोलकाठी खाली येऊ शकते.

बाबांनी दोन वर्षांपूर्वी एका तारेच्या टोकाशी तपकिरी ओघळ पाहिला. मग कापसाचा बोळा तारेवरून फिरवला, तर एका ठिकाणी कापूस अडकला. एक पेड तुटून वर आला होता. ही तार एकोणीस पेडांची असते: मधे एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा. शिवाय दाबून बसवलेल्या टोकाच्या आत खारं पाणी साचून राहतं आणि तिथे बारीक चिरा पडतात, त्या बाहेरून सहसा दिसत नाहीत. म्हणूनच जाणते लोक साधारण दहा-पंधरा वर्षांनी सगळ्या तारा बदलून टाकतात. आमच्या तारा त्याहून कितीतरी जुन्या होत्या.

तर यंदा मी ठरवलं, बदलायच्याच. डोलकाठी खालीच होती, त्यामुळे तारा काढून व्हरांड्यात सरळ ताणल्या आणि टेपने लांबी घेतली. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. इथपर्यंत ठीक होतं. जाडीसाठी मात्र मी स्टीलची पट्टी लावली. बारीक तार चार मिलिमीटर भरली, जाड तार "पाच, जरा कमीच". पिना आठ आणि दहा. गोव्याबाहेरच्या एका दुकानाला मी लिहून पाठवलं: चार आणि पाच मिलिमीटरची तार, आठ आणि दहाच्या पिना, आठ आणि दहाचे आटे. त्यांनी मी मागितलं तेच पाठवलं. त्यांची काही चूक नव्हती.

पण ती होडी मिलिमीटरमध्ये बांधलेलीच नव्हती. अमेरिकन होडी ती, सगळी इंचात. तिची बारीक तार इंचाचा पाच बत्तिसांश, म्हणजे 3.97 मिलिमीटर. चार म्हटलं तर फरक केसाएवढा. या एका जुळणीनेच मला फसवलं. एक माप बरोबर आलं की दुसरंही आलंच असेल असं आपण धरून चालतो. जाड तार इंचाचा तीन सोळांश, म्हणजे 4.76. तिची पिन इंचाचा तीन अष्टमांश, म्हणजे 9.53, दहा नव्हे. पट्टीवर हा फरक दिसत नाही, पण पिन भोकात घातली की लगेच कळतो.

आता माझा मूर्खपणा सांगते. बारीक तारेचा आठ मिलिमीटरचा दांडा मी जुन्या टर्नबकलमध्ये फिरवून पाहिला. टर्नबकल म्हणजे तार ताणायचा पेच. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे, मधला भाग फिरवला की दोन्ही दांडे एकदम आत येतात. तर तो दांडा आत गेला! दोन फेरे हाताने सहज बसला. तिसऱ्याला जड झाला. मी म्हटलं, नवं आहे, जरा घट्टच असणार, आणि पाना लावला. अर्धा फेरा गेला आणि तो जो अडकला, तो पुढेही जाईना की मागेही येईना. स्टेनलेस स्टीलचं असंच असतं. जोराने घासलं की एकमेकांना चिकटून बसतं.

बाबा बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "बसतंय म्हणजे धरतंय असं नाही."

मी चिडले. "बाबा, थोडंसंच कमी आहे. चवथीला पोरगी येतेय."

त्यांनी पेपर खाली केला. "पोरगी त्यातच बसणार आहे ना?"

त्यानंतर मी पान्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पिशवीत भरून नदीकाठी मेस्ताकडे गेले. मेस्त ट्रॉलरची लाकडं आणि लोखंड दोन्ही बघतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, पण एव्हाना गर्दी ओसरली होती. त्यांनी जुनी तार व्हर्नियरमध्ये धरली. पेडांच्या उंचवट्यांवर, दोन-तीन ठिकाणी फिरवून. आणि म्हणाले, "ही दीड सूत. आणि ती बारीक सव्वा सूत."

मंडळी, मी थक्क झाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, फॅब्रिकेशनवाले आजही हेच माप बोलतात. दीड सूत म्हणजे बरोबर तीन सोळांश इंच. सव्वा सूत म्हणजे पाच बत्तिसांश. पिना अडीच सूत आणि तीन सूत. अमेरिकेत बांधलेल्या होडीचं माप शापोऱ्याच्या काठावरच्या मेस्ताला एका नजरेत कळलं, आणि पट्टी घेऊन बसलेल्या मला कळलं नाही. आपल्या सव्वा-दीड-अडीचमध्ये अख्खं इंचाचं रिगिंग बसलेलं होतं!

मी लगेच म्हटलं, "मग म्हापशाच्या बाजारातून तीन सुती बोल्ट आणि टर्नबकल आणते."

मेस्तांनी मान हलवली. कंगव्यासारखी दिसणारी आटे मोजायची पट्टी काढून जुन्या टर्नबकलच्या दांड्यावर टेकवली. त्यावर एका इंचात चोवीस आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात जो तीन सुती बोल्ट मिळतो, त्यावर बहुधा सोळा आटे असतात. ती जुनी ब्रिटिश पद्धत. आणि मी मागवलेल्या दहा मिलिमीटरच्या दांड्यावर दीड मिलिमीटरला एक आटा, म्हणजे इंचाला सुमारे सतरा. जाडी सारखी वाटली तरी आटे तीन तऱ्हेचे. माझा आठचा दांडा दोनच फेरे का गेला तेही तिथे कळलं. त्याची जाडी 8, टर्नबकलची 7.94, म्हणून तोंड धरलं. पण एकाच्या इंचात वीस आटे, दुसऱ्याच्या चोवीस. दोन फेऱ्यांनंतर ते एकमेकांवर चढणारच. तसाच रेटून वापरला असता तर सगळा भार त्या दोन-अडीच आट्यांवर आला असता.

सैल पिनेचं काय, हेही विचारलं. अर्धा मिलिमीटर ढिली असली तर काय बिघडतं? पिन भोकात नीट भरलेली असली की भार तिच्या अर्ध्या गोलाईवर पसरतो. ढिली असली की तो एका रेघेवर येतो. होडी हलेल तशी पिन ठोकत राहते, भोक लांबट होत जातं. आज काही होणार नाही, पण कधीतरी वाऱ्याच्या दिवशी होईल.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. सगळ्या तारा फेकून पुन्हा मागवायला पैसेही नव्हते आणि वेळही. मेस्तांचं म्हणणं एकच होतं. इंच आणि मिलिमीटर कुठेतरी भेटणारच आहेत, पण प्रत्येक तारेत कुठे भेटतात ते आपण ठरवायचं आणि ती जागा मापाने करायची. बाकी कुठेही "चालून जाईल" नाही.

आधी तारेची ताकद पाहिली. ती जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. 4.76 च्या जागी 5 म्हणजे ताकद सुमारे दहा टक्के जास्त, वजन थोडं वाढलं तरी चिंता नाही. उलट मी घाबरून चारची तार सगळीकडे घातली असती, तर जाड तारांच्या जागी ताकद सत्तर टक्क्यांवर आली असती. पिन बसली असती, पण होडी दुबळी झाली असती. म्हणून पाचची तार ठेवली.

मग जाड तारांचं वरचं टोक. डोळा दहाचा, डोलकाठीवरच्या पट्टीचं भोक तीन सूत. या स्टीलच्या पट्ट्या सोडवून आणल्या. भोक दहा करायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी पाव मिलिमीटरहून कमी धातू काढायचा. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत निदान दीड भोकाएवढं अंतर उरायला हवं. ते मोजलं, भरपूर होतं. मेस्तांनी ड्रिल न वापरता रीमर फिरवला, म्हणजे भोक गोलच राहिलं. आता तिथे दहाची पिन दोन्हीकडे नीट बसते.

खालचं टोक वेगळं. तिथल्या चेनप्लेट होडीच्या अंगात पक्क्या केलेल्या, हलवल्या तर डेकमधून पाणी गळायला लागतं. त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मग बदलायची ती तारेची टोकं. दाबून बसवायच्या फिटिंगऐवजी पान्याने आवळायची फिटिंग मिळते, आणि ती तारेच्या बाजूला पाच मिलिमीटर व दांड्याच्या बाजूला तीन सूत, चोवीस आटे अशी मागवता येते. म्हणजे दोन मापांची भेट त्या फिटिंगच्या पोटातच होते. त्याबरोबर तीन सुती नवे टर्नबकल. या वेळी पत्रात मी प्रत्येक तुकड्यासाठी सगळं लिहिलं: तारेची जाडी, पिनेची जाडी, आट्यांची जाडी, इंचात किती आटे, उजवे की डावे.

बारीक तारा सोप्या निघाल्या. माझ्या प्रतापाने एक टर्नबकल गेलाच होता. तिथे दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटरचे नवे टर्नबकल घेतले. खालच्या चेनप्लेटची अडीच सुती भोकं झिजून किंचित मोठी झाली होती, त्यांत आठची पिन अलगद बसली. वरचं बारीक भोक मात्र नुसतं रीमरने साफ करावं लागलं.

सामान आलं ते चवथीच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे, नेवऱ्या, आरत्या यांतून वेळ मिळाला तो चौथ्या दिवशी. नव्या तारांची खालची टोकं कापताना माझा हात थरथरत होता. आवळायची फिटिंग लेकीने बसवली. बाहेरचे बारा पेड उलगडायचे, आतल्या सातांवर छोटा शंकू चढवायचा, मग बारा पेड पुन्हा त्याच्याभोवती मूळ पिळाप्रमाणे बसवायचे. एकही पेड शंकूच्या फटीत जाता कामा नये. शेवटी टोपण आवळायचं. पहिलं टोक करायला तिला पाऊण तास लागला, चौथं तिने दहा मिनिटांत केलं. बाबा चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक टोक बोटांनी तपासत होते. एक टोक त्यांनी परत सोडायला लावलं. लेक कुरकुरली, पण सोडलं. आत एक पेड दुसऱ्यावर चढला होता.

टोक कापल्यामुळे मागची तार दोन सेंटिमीटर आखूड भरली. टर्नबकलमध्ये दांडे निदान अर्धे तरी आत असायला हवेत, इथे जेमतेम टोकाला लागत होते. ओढून लावता आली असती. पण आता घरात कोणी ओढून लावायचं नाव काढत नव्हतं. खाली एक जास्तीचा टॉगल घातला. टॉगल म्हणजे दोन्ही दिशांना हलणारा सांधा. त्याने लांबी भरून निघाली आणि तारेला वाकायलाही जागा मिळाली.

या सगळ्यात चवथ उलटून गेली. होडी पाण्यात न जाताच लेक पुण्याला परत गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "दसऱ्याला येते." बाबांनी नुसता हात वर केला. मला वाटलं होतं ते हिरमुसतील, पण ते म्हणाले, "नदी कुठे पळून जात नाही."

गोव्यात शिडांची गोष्ट निघाली की मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्याची आठवण येतेच. रत्नाकर दांडेकरांनी तिथे बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यात बांधलेल्या 'तुरीया'वर अभिलाष टॉमी 2018 च्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात प्रचंड वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ते वादळ असं होतं की तिथे कुठल्याही होडीचा कस लागला असता. आमची नदीतली होडी कुठे आणि ते कुठे! पण डोलकाठी पडल्यावर माणूस किती असहाय होतो, हे त्या बातमीनंतर आमच्या घरात कोणाला सांगावं लागलं नाही.

खंडेनवमीला बाबांनी हत्यारांच्या पूजेत पाने, रीमरचं एक झिजलेलं पातं आणि माझा नवा व्हर्नियर मांडला. व्हर्नियरला हळदकुंकू लावताना माझ्याकडे बघून हसले. दसऱ्याला मेस्त आणि त्यांच्या दोन पोरांच्या मदतीने डोलकाठी उभी केली, तारा दोन्हीकडून सारख्या ताणल्या, प्रत्येक पिनेला स्प्लिट पिन घालून पाय वाकवले. लेकीने सुकाणू धरलं. पुलाकडून मोरजीच्या बाजूला निघालो, तोंडाशी वाळूचा बार आहे म्हणून त्याच्या बरंच अलीकडे वळायचं ठरवून.

वारा आला, होडी कलली. बाबांनी वाऱ्याकडच्या तारेवर तळहात ठेवला. तार गुणगुणत होती. ते कितीतरी वेळ हात तसाच ठेवून बसले. मग लेकीला म्हणाले, "धर की थोडी अजून वाऱ्याकडे." तिने धरली.

नवी तार पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडी बसते, म्हणून परत आल्यावर सगळ्या पुन्हा ताणल्या. होडीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. कुठली तार, कुठली पिन, कुठे इंच, कुठे मिलिमीटर, किती आटे, कधी बसवलं. इंचाच्या टर्नबकलला लाल टेप, मिलिमीटरच्या टर्नबकलला निळा. पुढे कधी लेकीला हे बदलावं लागलं, तर तिला पट्टी लावून अंदाज करावा लागणार नाही.

तुमच्या घरी होडी नसेल, पण दोन मापं नक्की असतील. टीव्ही इंचात, प्लायवूड फुटात पण जाडी मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंची म्हणतो त्या नळाचे आटे बाहेरून मोजा, एकवीस मिलिमीटर भरतात, म्हणजे अर्ध्या इंचाच्या जवळपासही नाही. तेव्हा एखादा भाग बदलायचा असेल तर जुना तुकडा सोबत घेऊन जा, पट्टीऐवजी व्हर्नियर लावा, आटे मोजा, आणि दुसऱ्या फेऱ्यानंतर जड लागलं तर पाना खाली ठेवा. व्हर्नियर फार महाग नसतो. आमचा अडकलेला टर्नबकल मी फेकलेला नाही. शाळेत नेला आहे. अपूर्णांक शिकवताना तो मुलांच्या हातात देते आणि सांगते, हा सोडवून दाखवा.

अजून कोणाला सुटलेला नाही.